बिननंबरी पार्सल

"तुम्ही लोक आमची पार्सलं चोरता, की नुसती हरवता?"

पोस्टातल्या तीन नंबरच्या खिडकीपुढे टाचा उंचावून ठकीनं हे विचारलं आणि मागच्या रांगेतल्या सात माणसांनी एकदम माना वर केल्या. पाकिटांच्या रॅकआड लपलेल्या तिच्या दोन मैत्रिणींपैकी एकीनं तोंडावर हात दाबला, दुसरीनं पहिलीच्या पाठीत तोंड खुपसलं. पैज त्यांनीच लावली होती. एक ताडमाड उंच, म्हणून जिराफ, दुसरी चष्मिस. "एकही शब्द बदलायचा नाही," जिराफनं बजावलं होतं, "आणि आधी 'माफ करा' वगैरे लावायचं नाही. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू."

वर्षापूर्वी कुणी अशी पैज लावली असती तर ठकी पोस्टाच्या पायरीवरूनच घरी पळाली असती. ठकी हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी, बसवली तिथे बसून राहायची. या देशात आल्यावर पहिलं दीड वर्ष तर शाळेत तिच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'कळलं' याखेरीज चौथा शब्द कुणी ऐकला नव्हता. मग गेल्या सत्रात विज्ञानाच्या तासाला तिनं हात वर केला आणि फळ्यावरचं उत्तर चुकलंय असं सांगून टाकलं. उत्तर खरंच चुकलं होतं. त्या दिवशी ठकीच्या तोंडाचं झाकण जे उडालं, ते अजून सापडायचं होतं.

खिडकीतला कारकून आता खेकसणार, अशी तिची खात्री होती. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि ठकीकडे नीट पाहिलं.

"चोरत नाही," तो म्हणाला. "आणि हरवतही नाही. पडून राहतात."

"कुठे?"

कारकून खुर्चीत जरा सावरून बसला. "अकरा वर्षं मी या खिडकीत बसतोय. रोज लोक येतात आणि विचारतात, कधी येणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कधी येणार, कधी येणार. कुठे आहे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"मग मी विचारते. कुठे आहे?"

पैज तिथेच संपली होती. पण ठकीच्या डोक्यात आता किडा वळवळायला लागला होता, आणि तो काही पैजेचा नव्हता.

कारण घरात गेले सात आठवडे या एका पार्सलापायी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. ठकीची आई परिचारिका. चौदा वर्षं तिनं शस्त्रक्रियेच्या खोलीत काम केलेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यांच्या हातात कोणती कात्री द्यायची, हे तिला ठाऊक असायचं. इथे आल्यावर मात्र तिला परत परिचारिका व्हायचं तर इथल्या नोंदणी समितीपुढे जुनी प्रमाणपत्रं ठेवावी लागणार होती. मूळ प्रती. फोटो चालणार नाहीत, छापील नकला चालणार नाहीत. तोवर आई याच शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात, पण तळमजल्यावर, धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालत होती. घड्या इतक्या काटेकोर की वरच्या मजल्यावरच्या परिचारिका मुद्दाम तिचा गठ्ठा मागून घ्यायच्या. आई हे हसत सांगायची, आणि सांगून झाल्यावर लगेच भांडी घासायला उठायची.

समितीनं आईला तारीख दिली होती, या गुरुवारची, सकाळी दहा. ती चुकली तर पुढची तारीख वर्षानं. आणि आज मंगळवार होता.

ती मूळ कागदपत्रं गोळा करून पाठवली होती आत्यानं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवणारी. तिनं तिकडच्या परिचारिका परिषदेच्या कचेरीत चार खेपा घातल्या, जुन्या इस्पितळांतून अनुभवाची पत्रं मागून आणली, आणि सगळं एका खोक्यात भरून, खोक्यावर मांजरपाटाचं कापड चढवून ते चारी बाजूंनी दाभणानं शिवलं. वर लाखेच्या मोहरा. "असं शिवलंय," तिनं फोनवर सांगितलं होतं, "की वाऱ्यालासुद्धा आत शिरायचं तर परवानगी काढावी लागेल."

पार्सल निघालं. पोस्टाच्या संकेतस्थळावर 'देशात दाखल' अशी ओळ उमटली. आणि मग ती ओळ जी चिकटून बसली, ती एकतीस दिवस हलली नाही. बाबा पुलांची गणितं करणाऱ्या एका कचेरीत कामाला होते, शांत आणि पद्धतशीर माणूस. त्यांनी मदतकेंद्राला इतके फोन केले की तिथली वाट बघायला लावणारी धून ते दाढी करताना गुणगुणायला लागले. तक्रार करायची तर अर्ज हवा, आणि तो अर्ज पोस्टानं येणार, असं त्यांना सांगण्यात आलं. अर्ज एकोणीस दिवसांनी आला. त्यावर लिहिलं होतं की तक्रार घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत करावी. बाबांनी तो अर्ज फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला. रोज दूध काढताना त्याच्याकडे बघायचे.

तर आता तीन नंबरचा कारकून एका कागदावर चौकोन काढत होता. मागची रांग चुळबुळ करत होती, पण त्याचा हुरूप बघता त्याला थांबवायची कुणाची छाती झाली नसती.

"हे बघ. पार्सलं तीन प्रकारची. एक, यंत्रानं वाचता येतात ती. ती पट्ट्यावरून सरळ जातात. दोन, यंत्राला वाचता येत नाहीत पण माणसाला येतात. ती हातानं लावायच्या खोलीत. आणि तीन," त्यानं कोपऱ्यात छोटा चौकोन काढला, "ज्यांचा नंबर कुणालाच वाचता येत नाही. ती बिननंबरी. ती त्या खोलीच्या मागच्या फळ्यांवर."

"मग पुढे काय होतं त्यांचं?"

"पुढे होत नाही. ज्याला नंबर नाही ते आलेलंच नाही, असा नियम आहे. न आलेली वस्तू पोचवणार कशी?"

ठकीनं हे मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. चुकलेलं काहीच सापडेना, आणि तरीही सगळंच चुकलेलं होतं.

"मी जाऊन बघू शकते?"

"चौकशीची खिडकी आहे तिथे. मंगळवारी दुपारी दोन ते चार." कारकुनानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "नऊ नंबरची बस, शेवटचा थांबा. आणि हो, नंतर येऊन मला सांग. मी कधी गेलेलो नाही."

शाळा त्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीमुळे लवकर सुटली होती. चष्मिसला घरी धाकट्या भावाला सांभाळायचं होतं, ती हळहळत गेली. जिराफ मात्र आली. तिच्या दप्तरासोबत तिच्या दुसऱ्या खांद्यावर ठकीचंही दप्तर होतं.

"मला वाटलं होतं तू 'नुसती हरवता' म्हणताना अडखळशील," बसमध्ये जिराफ म्हणाली.

"अडखळलेच होते. पोटात. बाहेर ऐकू आलं नाही."

"त्या खोलीत काय असेल?"

"तेच तर बघायचंय," ठकी म्हणाली, आणि खिडकीला नाक लावून बसली.

शेवटच्या थांब्यावर दुकानं संपली होती आणि गोदामं सुरू झाली होती. विभागणी केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची इमारत. पण दार उघडताच ठकीचे डोळे विस्फारले. काचेच्या भिंतीपलीकडे रबरी पट्टे वरखाली, आडवेतिडवे पळत होते, आणि त्यांच्यावरून खोकी, पाकिटं, गुंडाळ्या, एक सायकलचं चाक, एक गुंडाळलेला गालिचा, सगळे शहाण्यासारखे एकामागे एक चालले होते. मध्ये एक लाल उजेडाची कमान. खोकं कमानीखालून गेलं की 'टूक' असा आवाज व्हायचा आणि पुढे एखादा यांत्रिक हात बाजूनं येऊन त्याला हलकेच बरोबर हव्या त्या घसरगुंडीवर ढकलायचा. हवेत डिंकाचा आणि गरम रबराचा वास होता.

"हे मी दिवसभर बघत बसू शकते," ठकी म्हणाली.

"मी नाही," जिराफ म्हणाली. "चारला बंद होतं."

चौकशीच्या खिडकीत एक बाई होत्या. राखाडी केस, डोक्यावर चढवलेला वाचायचा चष्मा, आणि दहाही बोटांना रबरी टोप्या. खिडकीशी कुणी आलेलं पाहून त्या इतक्या दचकल्या की हातातली सुटी पाकिटं खाली पडली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "आग लागली का?"

"नाही हो. आम्ही पार्सल शोधतोय. पांढऱ्या कापडात शिवलेलं, लाखेच्या मोहरा लावलेलं."

बाईंचा चेहरा बदलला. जुनी ओळख निघावी तसा. "तुमचं आहे का ते? या, आत या. पिवळी रेघ ओलांडायची नाही, तेवढं सांभाळा."

आतल्या खोलीत मध्ये लांब टेबल, टेबलावर वजनकाटा, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर कागद फाटलेली खोकी, पत्ता धुऊन गेलेली पाकिटं, अर्धं उसवलेलं एक पोतं. आणि दुसऱ्या फळीवर, अगदी मधोमध, आत्याचं पार्सल. एवढं व्यवस्थित, चारी कोपरे काटकोनात, की इतर सगळी खोकी त्याच्यापुढे झोपेतून उठून आल्यासारखी दिसत होती.

ठकीनं त्याच्याकडे बोट दाखवलं.

"तेच," ती म्हणाली. "त्यावर आमचा पत्ताही आहे. मला इथूनसुद्धा वाचता येतोय."

"मलाही येतो," बाई म्हणाल्या. "रोज वाचते. अक्षर फार सुंदर आहे. पण नंबर?" त्यांनी पार्सल अलगद काढून टेबलावर ठेवलं आणि दिवा ओढून त्यावर धरला. "हे बघा."

कापडावर पोस्टानं चिकटवलेली नंबराची पट्टी होती, काळ्या उभ्या रेघांची. पण पट्टी नुसती चिकटवलेली नव्हती. ती शिवलेली होती. काळ्या जाड दोऱ्यानं चारी कडांनी टीप, आणि वर आणखी पक्कं व्हावं म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या टिपा, फुलीसारख्या. रेघा आणि आकडे सगळे त्या दोऱ्याखाली.

ठकीनं डोळे मिटले. तिला सगळं चित्र दिसलं. आत्या पोस्टात उभी. कारकुनानं पट्टी लावलेली, पण कापडावर चिकट कागद धरतोय कशाला, कोपरा उचललेला. आणि आत्याच्या पदराला कायम टोचलेली दोरा ओवलेली सुई. "द्या इकडे," आत्या म्हणाली असणार. "चिकटवण्यावर माझा विश्वास नाही."

"यंत्राला काय दिसतं माहिती आहे?" बाई म्हणाल्या. आता त्याही रंगात आल्या होत्या. "त्याला काळा दोरासुद्धा रेघच वाटतो. प्रत्येक वेळी निराळा नंबर वाचतं. एकदा वाचलं की हे गाढवाचं खोगीर आहे. एकदा वाचलं, शवपेटी. तीन वेळा कमानीखालून गेलं, मग यंत्रच बंद पडलं, तेव्हा माझ्याकडे आलं."

"पण संकेतस्थळावर देशात दाखल म्हणून आहे."

"ते पोत्याचं. पोत्याचा नंबर वाचला गेला, पोत्यात काय आहे ते नाही."

"माझ्याकडे पावतीचा फोटो आहे. त्यावर नंबर आहे." ठकीनं फोन पुढे धरला.

बाईंनी मान हलवली. "बाहेरून कुणीही कसलाही आकडा आणेल. नंबर पार्सलावरच वाचता आला पाहिजे. पाठवणाऱ्याला पत्र टाकलंय मी, नंबर कळवा म्हणून."

"पत्र. पोस्टानं?"

"मग कशानं?"

जिराफ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"दोरा कापून टाका ना मग," ठकी म्हणाली.

"शिवलेलं, मोहोर लावलेलं काहीही आम्हांला कापता येत नाही. कात्री लावली की पार्सल उघडलं असं धरतात. मग तीन सह्यांची चौकशी." बाईंनी उसासा टाकला. "मला काय हौस आहे का ते ठेवायची. रोज वाटतं, इतकं मन लावून कुणी शिवलंय, आत काय असेल."

"माझी आई आहे आत," ठकी म्हणाली. मग तिचं तिलाच जाणवलं की हे विचित्र वाटतंय, म्हणून तिनं सगळं सांगितलं. चौदा वर्षं, चादरी, समिती, गुरुवार, सकाळी दहा. बाई ऐकत राहिल्या. बोटांवरच्या टोप्या त्यांनी एकेक काढून टेबलावर ठेवल्या.

"गुरुवार म्हणजे परवा," त्या म्हणाल्या.

"परवा."

दोघी पट्टीकडे बघत बसल्या. पलीकडच्या दालनातून टूक, टूक असा आवाज येत होता. ठकी पिवळ्या रेघेला पायाची बोटं टेकवून जमेल तेवढी पुढे वाकली. टाके बारीक होते, एकसारखे, प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या पोटात शिरलेला. उलटी टीप. ही टीप तिनं शिकलेली. एका सुट्टीत आत्यानं तिच्याकडून एकाच रुमालाची कड सहा वेळा घालून घेतली होती, आणि सहाही वेळा उसवायला लावली होती. उसवायलासुद्धा कात्री द्यायची नाही. गाठ शोध आणि दोरा ओढ, म्हणायची, कापडाला जखम होता कामा नये.

"कापायचं नाही," ठकी सावकाश म्हणाली. "पण उसवायचं चालेल का?"

"म्हणजे?"

"टीप ही पट्टीची आहे. पार्सलाची शिवण वेगळी, ती कडेला आहे, मोहराही तिकडे. हा दोरा काढला तर पार्सल उघडत नाही. कापड तसंच, मोहरा तशाच. फक्त दोरा बाहेर."

बाईंनी खणातून नियमांची जाडजूड फाईल काढली. पानं उलटली. ओठ हलवत वाचलं, परत वाचलं. "कापणे आहे," त्या म्हणाल्या. "फाडणे आहे. फोडणे, वितळवणे, भिजवणे आहे." त्यांनी मान वर केली. "उसवणे नाही."

"मग मी उसवते."

"तुला हात लावता येणार नाही. तू रेघेच्या त्या बाजूला."

"मग तुम्ही उसवा. मी सांगते."

घड्याळात सव्वातीन झाले होते. बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि टाचण्या ठेवायच्या डबीतून एक लांब सुई घेतली.

"खालचा डावा कोपरा," ठकी म्हणाली. "आत्या नेहमी तिथूनच सुरू करते. गाठ दिसणार नाही, ती आत लपवते. पट्टीची कड जरा उचला. सुईचं टोक आडवं धरा, उभं नाही."

"हे का?"

"नाही, तो टाका आहे. त्याच्या खाली. तांदळाएवढं काहीतरी लागेल बोटाला."

बाईंची बोटं पाकिटांच्या गठ्ठ्यांना सरावलेली, नाजूक कामाला नाही. दोनदा सुई घसरली. जिराफ श्वास रोखून उभी. तिच्या दोन्ही खांद्यांवरची दप्तरं घसरून कोपरापर्यंत आली होती, तिला पत्ता नव्हता.

"लागलं," बाई म्हणाल्या.

"आता ओढू नका. आधी दुसरं टोक बघा, वरच्या उजवीकडे, तिथे ती दोनदा फिरवून सोडते. ते सैल करा. हं. आता गाठ धरा आणि सरळ स्वतःकडे ओढा. घाई नाही."

दोरा निघायला लागला. एक टाका, दुसरा, तिसरा, आणि मग भराभर, सरसर, सगळी फुली आणि सगळी चौकट एका लांब काळ्या दोऱ्यात उलगडत बाईंच्या बोटांवर आली. पट्टीवर बारीक भोकांची रांग तेवढी राहिली. काळ्या रेघा उघड्या पडल्या. बाईंनी नंबर वाचणारा छोटा लाल दिवा उचलून पट्टीवर धरला.

टूक.

पडद्यावर नंबर उमटला. आणि त्या क्षणी, नियमाप्रमाणे, आत्याचं पार्सल या देशात आलं.

"बापरे," बाई खुर्चीत बसल्या. "बावीस वर्षांत असं केलं नव्हतं मी." मग त्यांना एकदम काही आठवलं. "आता हे पोचवणीच्या गाडीत जाईल. तीन दिवस."

"तीन दिवस चालणार नाहीत."

"जिच्या नावावर आहे ती व्यक्ती ओळखपत्र घेऊन आली तर इथेच देता येतं. चारच्या आत."

तीन वाजून बावीस मिनिटं. आईला कामावर फोन जवळ ठेवता येत नसे. धुलाई विभागात एकच फोन, आणि तो उचलणाऱ्या मुकादम बाईंच्या आवाजाची गोष्ट आई घरी सांगायची तेव्हा बाबासुद्धा कान झाकायचे. ठकीनं नंबर लावला.

"आई आहे का?" तिनं विचारलं. पलीकडून जे काही आलं ते जिराफलाही ऐकू गेलं. ठकी म्हणाली, "हो, कळलं, कामाची वेळ आहे. पण तुमच्याकडच्या सगळ्यांत चांगल्या घड्या घालणाऱ्या बाई परिचारिका होणार की नाही, ते पुढच्या अडतीस मिनिटांवर आहे. तुम्ही सोडलं नाहीत तर त्या तुमच्याकडेच राहतील. पण मग तुम्हांला रोज त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागेल."

मग मुकादम बाई म्हणाल्या, "पत्ता सांग. माझी गाडी आहे."

चारला सहा मिनिटं असताना आई आली. निळा कामाचा कोट तसाच, केसांत कापसाचे तंतू, पायांत धुलाई विभागातले रबरी बूट. तिनं ओळखपत्र दाखवलं, दोन ठिकाणी सही केली. पार्सल हातात आल्यावर तिनं ते उघडायची घाई केली नाही. दोन्ही तळवे त्यावर ठेवून उभी राहिली, ताप बघावा तशी.

"आणखी एक सही," बाई म्हणाल्या आणि एक पाकीट पुढे केलं. "दोरा. तो पाठवणाऱ्याचा माल आहे, आमच्याकडे ठेवता येत नाही."

आईनं दोऱ्यासाठी सही केली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांनी पार्सलाची शिवण उसवली. त्यांना ब्लेडच घ्यायचं होतं, पण ठकीनं ते हातातून काढून घेतलं. आत प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत जुनं वर्तमानपत्र, त्याच्या आत कागद. नोंदणीचं प्रमाणपत्र. पहिल्या इस्पितळाचं अनुभवपत्र. दुसऱ्याचं. आई एकेक कागद कोऱ्या टॉवेलवर ओळीत ठेवत गेली, हत्यारं मांडावीत तशी. मग तिचा हात थांबला.

"तिसरं नाही," ती म्हणाली.

तळाशी आत्याची चिठ्ठी होती. तिसऱ्या इस्पितळातले मोठे कारकून दोन महिन्यांच्या रजेवर आहेत, आले की पत्र घेऊन निराळं पाठवते, असं तीत लिहिलेलं.

आईनं समितीचं पत्र काढून परत वाचलं. "एक कागद कमी असेल तर चालतं," ती म्हणाली. "गुरुवारपासून तीस दिवसांत दाखवायचा. नाही दाखवला तर अर्ज रद्द."

"तीस दिवस म्हणजे भरपूर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आनंदानं आत्याला फोन लावला. फोन टेबलावर मध्ये ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"ताई, मिळालं गं पार्सल."

"मिळालं ना?" आत्याचा आवाज खणखणीत. "मी म्हटलं नव्हतं? सात आठवडे कुठे कुठे फिरलं असेल बिचारं, पण टाका हलला का एक तरी?"

"नाही, नाही. टाका अगदी जसाच्या तसा. इथलं पोस्टच ढिसाळ. पडून होतं त्यांच्याकडे."

"काय माणसं तरी. एवढे मोठे देश आणि एक पार्सल पोचवता येत नाही. बरं, ऐक. तिसरं पत्र परवा हातात येतंय. मी लगेच पाठवते. आणि यावेळी त्या नंबराच्या पट्टीवर नुसती फुली नाही, आख्खी जाळी विणते. बघू कसं पडून राहतं ते."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं बाबांकडे. ठकीनं दोघांकडे.

"बरं ताई," बाबा म्हणाले. "काळजी घे." आणि फोन ठेवला.



"बरं ताई?" ठकी म्हणाली.

"अगं, काय सांगू तिला?" बाबांनी केसांतून हात फिरवला. "चार खेपा घातल्यात तिनं. रात्रंदिवस डोळे फोडून शिवलंय. तुझ्या टाक्यानंच अडकलं, असं सांगू? तीस वर्षं पोरींना शिवण शिकवणाऱ्या बाईला?"

"आपण दुसरं काहीतरी सांगू," आई म्हणाली. "म्हणू की इथे आता कापड चालत नाही. नवा नियम आलाय म्हणून."

"मग ती प्लास्टिकवर शिवेल," ठकी म्हणाली. "तिला तुम्ही ओळखत नाही का? तिला कारण कळल्याशिवाय ती सुई खाली ठेवणार नाही."

"वाईट वाटेल गं तिला," बाबा म्हणाले.

"वाटेल. थोडं." ठकी खुर्चीवरून उठली. "पण बाबा, माझा रुमाल तिनं सहा वेळा उसवला होता. सहाव्या वेळी मी रडले. ती म्हणाली, चुकीचा टाका आहे हे माहीत असून जो गप्प बसतो, त्यानं शिवू नये. मग तिचा टाका चुकलाय हे आपल्या तिघांना माहीत आहे आणि तिलाच नाही, हे तिला कळलं, तर तिला कशाचं जास्त वाईट वाटेल?"

आईनं टॉवेलवरचा एक कागद विनाकारण सरळ केला.

"कसं सांगणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"आधी त्या लाल कमानीचं सांगणार. मग यंत्राला गाढवाचं खोगीर दिसलं ते. ते ऐकून ती हसेल. मग ती स्वतःच विचारेल, असं का दिसलं. तिला यंत्रं कशी चालतात ते आवडतं. मग मी सांगणार." ठकीनं टेबलावरचा फोन उचलला आणि दोघांकडे बघून म्हणाली, "मी आत्याला खरं सांगायचं ठरवलंय. सगळं, आत्ता, आणि पुढच्या पार्सलाला ती पट्टी कशी लावायची तेही मीच सांगणार. तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही."